गवतबेटाची डावी धार

ते वर्ष एकोणीसशे पन्नास. लढाई संपून पाच वर्षं झाली होती, तरी देत्नू नदीच्या काठाला अजून नव्या फळ्यांचा वास येत होता. चव्वेचाळीसच्या हिवाळ्याच्या तोंडाशी माघारी जाणाऱ्या जर्मन फौजेने डाव्या काठावरची घरं, गोठे, होड्या, मासे वाळवायच्या काठ्यासुद्धा जाळून टाकल्या होत्या. त्यामुळे आता सगळी घरं एकाच वयाची, सगळ्यांच्या खिडक्या एकाच मापाच्या. जुन्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी काठावर राहिल्या होत्या. म्हातारी माणसं आणि नदी.

नदी म्हातारी खरी, पण तिला एका जागी बसायची सवय नव्हती. पठारावरून दोन नद्या उतरतात, एकमेकींना भेटतात आणि देत्नू होतात. तिथून उत्तरेच्या समुद्रापर्यंत ती बरीचशी वाळूतूनच चालते. एका वळणावर काठ खाते आणि पुढच्या वळणावर तो टाकून देते. वाटेतल्या लांबलचक पट्ट्यात डावा काठ नॉर्वेचा, उजवा फिनलंडचा. नॉर्वेवाले तिला ताना म्हणतात, फिनलंडवाले तेनो. पण दोन्ही काठांवर राहणारी माणसं एकच, सामी, आणि त्यांच्या तोंडी ती देत्नू. दोनशे वर्षांपूर्वी दोन राजांच्या माणसांनी ठरवलं, की सरहद्द नदीच्या सगळ्यांत खोल धारेतून जाईल, आणि बेट त्या धारेच्या ज्या बाजूला पडेल त्या राज्याचं. ठरवताना नदीला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून दर पंचवीस-तीस वर्षांनी दोन्ही सरकारांची माणसं यायची, काठीने पाणी मापायची आणि सरहद्द कुठे गेली ते बघून जायची.

राउनाचं घर डाव्या काठावर, एका मोठ्या वळणाशी होतं. नवरा साम्मोल घरं जळाली त्या हिवाळ्यात दक्षिणेकडे, परक्यांच्या गावात, फुप्फुसाच्या आजाराने गेला. राउना परत आली ती मुलगी मारेतला घेऊन. पहिला हिवाळा दोघींनी मातीच्या झोपडीत काढला, मग सरकारी नकाशाबरहुकूम घर उभं राहिलं. एक गाय आणली, चार मेंढ्या आणल्या. मारेत आता एकोणीस वर्षांची झाली होती. वल्हं मारण्यात ती कुठल्याही पुरुषाला ऐकत नव्हती आणि तोंडाने तर कुणालाच नाही.

घरासमोर नदी दोन धारांत फुटायची आणि मध्ये गवतबेट होतं. उजवी धार खोल, तिच्यातून सरहद्द. डावी धार उथळ. उन्हाळ्यात गाय तिच्यातून पोटापर्यंत भिजत बेटावर चरायला जायची. राउनाच्या काठावर नुसती वाळू आणि बर्चची झाडं. गवत काय ते बेटावर. साम्मोलच्या बापापासून तिथलं गवत या घराने कापलेलं.

आणि गवतावर सगळं होतं. नॉर्वेच्या काठावर जाळं टाकायचा हक्क हवा असेल, तर काठावर राहणं पुरत नसे. स्वतःच्या जमिनीवर दरवर्षी ठरलेल्या वजनाचं गवत कापावं लागे. नदीचा अंमलदार शरद ऋतूत येऊन गंजी बघून जायचा. गवत नाही तर जाळं नाही, आणि जाळं नाही तर घरात सॅमन नाही. सॅमन नसेल तर दोन बायकांनी त्या घरात हिवाळा काढायचा कशावर, हे अंमलदाराच्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

त्या वर्षी मेच्या अखेरीस बर्फ फुटला तो वाईट फुटला. वरून आलेले लाद्यांचे ढीग बेटाच्या डोक्याशी, उजव्या धारेच्या तोंडात अडकले आणि घराएवढे उंच झाले. पाणी मागे फुगलं आणि मग सगळंच्या सगळं डाव्या धारेत घुसलं. दोन दिवस राउना आणि मारेत गाय-मेंढ्यांना घेऊन टेकाडावर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी बर्फ कडाडत मोकळा झाला आणि वाहून गेला. खाली येऊन बघतात तो डावी धार ओळखू येईना. पाणी काळं दिसत होतं. गाय उतरायची तिथे मारेतने होडीची काठी टाकली, तर ती हातभर सोडून सगळी आत गेली.

"आई, ही आता ओढा राहिली नाही गं, ही नदी झाली," मारेत म्हणाली.

धारेत कचराही तेवढाच. मुळांसकट उपटलेले बर्च, कुणाच्या तरी कुंपणाचे खांब, आणि तोंडाशी आडवा पडलेला एक प्रचंड पाइनचा ओंडका. पाइन त्या वळणाच्या आसपास उगवत नाहीत, तो कुठून तरी वरून, पठाराकडून आला होता. त्याच्या मागे वाळू साठायला लागली होती.

आता वसंतातल्या मासेमारीची रीत अशी. बर्फ गेला की खोल धारेतून वाहतं जाळं सोडायचं. एक टोक होडीला, दुसरं तरंगत्या फळीला, आणि प्रवाहाबरोबर खाली जायचं. पण पाण्याखाली एक खुंट जरी असला तरी जाळं फाटून चिंध्या. म्हणून आधी गळ आणि साखळ्या घेऊन धार साफ करायची. ज्याने धार साफ केली, त्याची पहिली पाळी. बाकीचे रांगेत. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण दोन्ही काठांवर त्याच्याबाहेर कुणी वागलं असेल असं ऐकिवात नव्हतं. उजवी धार सहा घरांचे पुरुष मिळून साफ करत. दोन बायकांची होडी कायम शेवटी. शेवटच्या पाळीला मासा उरतो तो जाळ्याच्या भोकातून जाणारा.

म्हणून डावी धार बघून राउनाला काय झालं असेल, ते ज्याने रांगेत शेवटी थंडीत वल्हं धरून दिवस काढलेत त्यालाच कळेल. घरापुढे, दारातून दिसणारी, कुणाचा हात न लागलेली धार!

दोघी कामाला लागल्या. बर्च ओढून काढले, खांब काढले. पाइनचा ओंडका मात्र हलेना. त्याच्या फांद्या वाळूत रुतल्या होत्या. त्यांनी एकेक फांदी पाण्यात उभं राहून कुऱ्हाडीने तोडली, काठावरच्या झाडाला दोर बांधून पीळ दिला, आणि रोज थोडा थोडा तो फिरवला. मारेतचे ओठ निळे पडले.

"हा इथेच राहिला तर काय बिघडतं?" ती म्हणाली. "खालच्या अर्ध्या धारेत सोडू की जाळं."

"अर्धी धार साफ करणाऱ्याला अर्धी पाळी मिळते," राउना म्हणाली. "ओढ."

शेवटी तो सुटला, हळूच वळला आणि प्रवाहाला लागला. त्याच्यामागे साठलेली वाळू भसकन गेली आणि पाण्याचा आवाज बदलला. तो आवाज ऐकून राउना इतकी खूश झाली की काठावर बसून हसायलाच लागली.

सॅमन आले आणि डाव्या धारेनेच आले. पहिल्याच फेरीत मारेतच्या मांडीएवढे तीन. पुढचे पंधरा-वीस दिवस, रात्र म्हणावी तर सूर्य मावळत नव्हता आणि दिवस म्हणावा तर कुणी झोपत नव्हतं, दोघी जाळं सोडत होत्या, काढत होत्या, मीठ लावत होत्या. उजव्या धारेवरचे पुरुष हात हलवत घरी जात होते.

उजव्या काठावर, बरोबर समोर, आस्लाकचं घर होतं. चाळिशीचा, आडव्या हाडाचा, लग्न न झालेला माणूस. म्हातारी आई बिग्गा आणि तो, दोघंच. वीस वर्षांपूर्वी त्याने राउनाला मागणी घातली होती, तीही होडीतूनच, खाली उतरायची तसदी न घेता. तिने काठावरूनच नाही म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे टोमणेच, पण ते कधी तुटलं नव्हतं.

जूनअखेर, सेंट योहानच्या सणाला तो कॉफीला आला. राउनाने पेल्यात चीजचे तुकडे टाकले, वरून कॉफी ओतली. त्याने तीन पेले घेतले आणि वाळत घातलेल्या माशांकडे बघत बसला.

"तुमच्याकडे मासा आता पायऱ्या चढून येतो म्हणे."

"दार उघडं ठेवावं लागतं," राउना म्हणाली. "कष्टाची सवय नसलेल्यांना नाही कळायचं."

"आस्लाककाका, तुला शेपट्या देऊ का घरी न्यायला?" मारेतने विचारलं.

"दे दे. आईला सूप होईल." तो शांतपणे चीजचा तुकडा चमच्याने काढून चावत होता. "बेटावर गवतही बरं आलंय यंदा. कापून घे नीट. पुढच्या वर्षी मी कापीन."

"तू? माझ्या बेटावर?"

"ऑगस्टात मापवाले येतायत, दोन्हीकडचे. आमच्या पोलिसाने सांगितलं, होडी चालवायला माणसं हवीत म्हणून." त्याने पेला खाली ठेवला. तेव्हा कुठे त्याला राउनाचा चेहरा दिसला असावा. "अगं, मला वाटलं तुला माहीत आहे. तू स्वतःच तर साफ केलीस ना धार?"

तो गेल्यावर राउना होडी घेऊन एकटीच बेटावर गेली आणि बेट ओलांडून उजव्या धारेच्या तोंडाशी उभी राहिली. गेल्या वर्षी जिथून सहा होड्या ओळीने गेल्या होत्या, तिथे पाण्याबाहेर वाळूची पाठ आली होती. तिच्यावर पांढरे कुररी पक्षी बसले होते. अंडी घालायच्या तयारीने, निवांत.

मासा खोल पाण्याने जातो. सरहद्दही खोल पाण्यानेच जाते. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण ती दोन्ही वाक्यं तिने कधी शेजारी शेजारी ठेवली नव्हती. पुराने धार खणली होती हे खरं. पण तो ओंडका तोंडाशी राहिला असता, तर त्याच्यामागे वाळू धरली असती आणि उन्हाळ्यापर्यंत नदी आपल्या जुन्या वाटेला गेली असती. राउनाने पाण्यात उभं राहून, फांदी फांदी तोडून, सरहद्द ओढत आपल्या दाराशी आणली होती. बेट पलीकडे गेलं होतं. आणि बेटाबरोबर गवत.

दुसऱ्या दिवशी तिने मारेतला सांगितलं, "बांध घालायचा."

यात नवीन काही नव्हतं. पाणी उतरलं की सगळेच काठाजवळ बांध घालत. बर्चच्या खांबांच्या तिकाट्या पाण्यात उभ्या करायच्या, त्यांच्यावर दगड ठेवायचे आणि मध्ये डहाळ्या विणायच्या. सॅमन बांधाला लागून चालतो आणि टोकाच्या जाळ्यात जातो. पण बांध काठापासून थोडा आत जाऊन थांबतो. खोल धार मोकळी सोडायची असते. राउनाचा बांध थांबला नाही. रोज दोन तिकाट्या पुढे सरकत होता. डहाळ्या इतक्या दाट, की मासा सोडा, पाण्यालाही विचार करावा लागेल.

"आई, जाळं कुठे लावायचं याला?" चौथ्या दिवशी मारेतने विचारलं.

"नाही लावायचं."

मारेतने दगड तसाच पोटाशी धरून ठेवला. मग तिला समजलं. "म्हणजे आपण वसंतात जे उपसलं, तेच आता परत भरतोय?"

"बोलू नकोस. दगड दे."

"वेड्यांच्या दवाखान्यात माय-लेकींना एकच खोली देतात का गं?"

"तुझी वटवट ऐकून वेगळी देतील. दे इकडे."

आठवडाभराने बांधाच्या वरच्या अंगाला खरोखरच वाळू धरायला लागली. राउना रोज सकाळी काठी टाकून बघायची. उजव्या धारेतली वाळूची पाठही थोडी ओली दिसत होती, निदान तिला तरी दिसत होती. एका दुपारी आस्लाक होडी घेऊन बांधाच्या टोकाशी आला आणि काठी रोवून थांबला.

"राउना, तू मासा पकडतेयस की नदी?"

"तुझं काय जातं?"

"माझं काही नाही. पण हिच्या गळ्यात दावं घालायला निघालेली तूच पहिली."

"तुला बेट हवंय म्हणून तुझ्या पोटात दुखतंय."

"बेट मला कशाला? आमच्याकडे जाळ्याला गवत मोजत नाहीत. मला बेट नको आणि ही वाळूही नको. माझी धार गेली, हे तुझ्या डोक्यात येतं का?" हे तो पहिल्यांदाच न हसता बोलला. "माझ्या घरापुढे आता पक्षी चालतात. सॅमन सगळे तुझ्या दारात. वसंतात मी जाळं टाकायचं कुठे?"

राउना पुढची तिकाटी उभी करायला वळली. तो गेला.

जुलैच्या शेवटी पठारावर पाऊस लागला. वळणावर एक थेंब नाही, पण नदी तांबूस होऊन चढायला लागली. संध्याकाळी जेवताना दोघींना आवाज ऐकू आला, सुकी लाकडं एकामागून एक मोडल्यासारखा. मारेत खिडकीशी गेली. बांध मधूनच फुटला होता. तिकाट्या पाय वर करून वाहत चालल्या होत्या.

"चल, निदान खांब तरी धरू," मारेत म्हणाली.

"बस, जेव," राउना म्हणाली. तिने माशाचा तुकडा मुलीच्या ताटात वाढला. स्वतः मात्र खाल्लं नाही.

मापवाले ऑगस्टच्या मध्यावर आले, दोन इकडचे, दोन तिकडचे. चांगली माणसं होती. एकमेकांची भाषा नीट येत नसल्याने एकमेकांशी फार नम्रपणे वागत होती. डासांनी चौघांचेही कान सुजले होते. त्यांनी दोन्ही धारा तीन-तीनदा मापल्या. इकडून होडीवर मारेतला घेतलं होतं, तिकडून आस्लाकला. मारेत वल्हं मारत होती आणि तिच्या मनात आलं असतं, तर होडी खोल रेषेच्या हातभर बाजूने नेता आली असती. तिने घरी येऊन तसं सांगितलंही.

"मग नेली नाहीस?" राउनाने विचारलं.

"नेली होती. आस्लाककाका नुसता खाकरला. मग परत आणली."

"त्याने सांगितलं त्यांना?"

"नाही. बांधाचंही नाही सांगितलं. त्यांनी विचारलं, या काठावर दगडांची रांग कसली? तर म्हणाला, इथल्या बायका कपडे धुतात."

सरहद्द डाव्या धारेतून जाणार हे मापवाल्यांनी जाताना स्वतः येऊन सांगितलं. उन्हाळ्याअखेर दोन्ही राजधान्यांत सह्या होतील. यंदाचं गवत तिचंच, पुढच्या वर्षापासून बेट पलीकडचं. वयस्कर होता तो मापवाला टोपी काढून म्हणाला, "फार वाईट वाटतं." राउनाने त्यांना कॉफी दिली. त्यांचा तरी काय दोष.

त्यानंतर दोघी बेटावर शेवटचं गवत कापायला गेल्या. कापलेलं गवत काठ्यांच्या आडव्या रांगांवर टांगत असताना उजव्या काठाहून होडी आली. आस्लाक वल्हं मारत होता आणि मागे बिग्गा आजी बसली होती, निळ्या झग्यात, सणाला घालते ती टोपी घालून. ऐंशीच्या घरातली बाई. तिला उचलून उतरवावं लागलं. उतरताच तिने गवताची काडी चावून बघितली.

"चांगलं आहे. अजून ओल आहे थोडी." मग राउनाकडे वळली. "पोरी, मी जन्मले तुझ्या काठावर, ठाऊक आहे ना? जिथे ओढा नदीला मिळतो, तिथे आमचं घर होतं. घर गेलं, कुरण आहे. बापाने माझ्या नावावर ठेवलंय. विलोची झुडपं माजलीत, पण खाली जमीन काळी आहे."

"आई," आस्लाक म्हणाला, "आपण नुसतं बेट बघायला आलो होतो."

"तू बेट बघ. मी बोलते."

राउनाने दाताळं जमिनीत टेकलं. ओढ्याचं कुरण नॉर्वेच्या काठावर होतं. तिथलं गवत अंमलदाराला मोजावं लागलं असतं. पण मान ताठ होती तिची. "आजी, मला दान नको."

"दान कोण देतंय?" आस्लाक चिडून म्हणाला. "ते कुरण द्यायचं नाहीये. आजोबांची जमीन आहे ती."

"काय करतोस तिथे? पाच वर्षांत पाय तरी ठेवलास?" मारेतने विचारलं.

"जमीन असणं आणि तिथे पाय ठेवणं वेगळं."

राउनाने दाताळं खाली ठेवलं. ती हळू बोलली, पण तिला आता काय बोलायचं ते ठाऊक होतं. "आस्लाक, वसंतात जाळं टाकायचं कुठे, असं विचारलं होतंस तू. उत्तर देते. डाव्या धारेत."

"ते मला सरकारनेच दिलंय. आता ते सरहद्दीचं पाणी. दोन्ही काठांचं."

"सरकारने दिलंय. मग टाक. साफ कुणी केली ती धार?"

त्याने वाकून बुटातली वाळू झाडली.

"पहिली पाळी माझी. मग मारेतची, तिची वेगळी होडी आम्ही करतोय. मग वरच्या अंगाची बाकीची पाच घरं येतील, तीही उजव्या धारेला मुकलीत. शेवटी तू. रांगेच्या शेवटी कसं वाटतं ते मी तुला सांगू शकते, मी तिथे चार वर्षं बसले. आणि मी कायद्याची धमकी देत नाही. तू जा की पुढे. नदीवरची सगळी माणसं काठावरून बघतील, एवढंच."

"मी कधी कुणाच्या पाळीआधी गेलोय का?" आस्लाक तांबडा झाला. "तोंड सांभाळून बोल."

"नाही गेलास. म्हणून तर बोलतेय. ओंडके दरवर्षी येतील. मिळून साफ करू, तू आणि मी. एक वर्ष पहिली पाळी तुझी, एक वर्ष माझी. तुझ्या वर्षी मी दुसरी. आणि ओढ्याचं कुरण माझ्या नावावर."

"पाळीच्या बदल्यात जमीन?"

"तू बेटावर गवत काप. माझ्या गवताच्या बदल्यात गवत, आणि पाळी वर. तोटा कुणाचा आहे ते बस आणि मोज."

"तू बांध घालून बेट चोरायला निघाली होतीस," तो म्हणाला. "मी मापवाल्यांना बोललो नाही."

"बोलायचं होतंस. दगड मोजायला लावले असते तुला. वाहून गेला तो."

बिग्गा आजी गवताच्या ढिगावर बसून चिलीम भरत होती. "आस्लाक," ती म्हणाली, "मी उजव्या काठाला लग्न करून आले तेव्हा बेट आपल्याकडचं होतं. मग यांच्याकडचं झालं. तुझ्या बापाने त्यावरून साम्मोलच्या बापाशी दहा वर्षं अबोला धरला आणि दहा वर्षं साफ न केलेल्या धारेत जाळी फाडून घेतली. तुझी मर्जी. मला फक्त घरी ने, गुडघे दुखतायत."

आस्लाक उभा राहिला. पाण्यापर्यंत गेला, परत आला. मग म्हणाला, "पहिलं वर्ष माझं."

"पहिलं माझं," राउना म्हणाली. "यंदा साफ केलेली धार आहे ती."

"बरं. पण विलो तू तोडायचे. मी हात लावणार नाही."

"लावलास तरी तुला जमणार नाही."

"आणि शेपट्या नकोत मला. अख्खा मासा."

"तुझ्या जाळ्यात आला की अख्खाच असेल," मारेत म्हणाली, आणि त्यावर आजी खोकला येईपर्यंत हसली.

सप्टेंबरात राउना, आस्लाक आणि बिग्गा आजी होडीने खाली जिल्ह्याच्या गावी गेली आणि कुरण राउनाच्या नावावर झालं. बर्फ पडायच्या आत तिने आणि मारेतने निम्मे विलो तोडले. उरलेले निम्मे तोडायला आस्लाक एका सकाळी स्वतःच कुऱ्हाड घेऊन आला, आणि दिवसभर त्या दोघी किती चुकीचं तोडतात ते सांगत तोडत राहिला. पुढच्या शरदात अंमलदार आला, ओढ्याच्या कुरणातल्या गंजीभोवती फिरला, हात खुपसून वास घेतला, आणि राउनाचं नाव जाळ्याच्या यादीत ठेवलं. गवत ठरलेल्या वजनाला थोडं कमीच होतं असं मारेतला वाटत होतं. कुणी विचारलं नाही.

बिग्गा आजी त्रेपन्नच्या हिवाळ्यात गेली. तिला बर्फावरून स्लेजमधून डाव्या काठावर आणलं आणि तिच्या आईबापांच्या शेजारी पुरलं. त्यासाठी दोन्हीकडच्या सरकारांची परवानगी यायला वेळ लागणार होता, म्हणून ती मागितलीच नाही.

आस्लाकने लग्न केलं नाही. बहिणीचा मुलगा येऊन त्याच्याकडे राहिला. त्याच्या हाती होडी दिल्यावर आस्लाक काठावर बसून ओरडून सूचना द्यायचा. एकोणीसशे पासष्टच्या सुमारास त्याची दृष्टी गेली. पुढेही काही वर्षं तो होता. बेटावरचं गवत त्याच्या माघारी कुणी कापलं नाही. उजव्या धारेत वाळू धरत गेली, बेट हळूहळू काठाला चिकटलं, आणि आता तिथे डोक्याच्या वर बर्च वाढलेत.

मारेतने आपली होडी केली आणि दोन वर्षांत विकली. नर्सचं शिक्षण घेऊन समुद्राकाठच्या गावी दवाखान्यात लागली, तिथल्याच एका कोळ्याशी लग्न केलं. तीन मुलं झाली. जूनमध्ये रजा काढून ती वळणावर यायची आणि तिचा नवरा, जो समुद्रात कशालाच भ्यायचा नाही, नदीच्या होडीत मात्र दोन्ही कडा घट्ट धरून बसायचा.

राउना सत्तरीपर्यंत जाळं टाकत होती. मग हातांना संधिवात झाला. तिने गाय विकली आणि अंमलदाराला स्वतःच निरोप पाठवला की यंदा गवत नाही, नाव काढा. एकोणीसशे ब्याऐंशीच्या वसंतात, बर्फ फुटायच्या थोडं आधी, ती झोपेत गेली. घर मारेतच्या धाकट्या मुलीकडे आहे. ती उन्हाळ्यात येते.